मालकाच्या पेटीत राहिलेलं पत्र

(भिलाईतल्या एका बुद्धविहारात भरणाऱ्या वाचनवर्गात १९ जून रोजी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



आज १९ जून. आपल्या कॅलेंडरात या तारखेला काही नसतं. अमेरिकेतले काळे लोक मात्र पिढ्यानपिढ्या हा दिवस पाळत आले आहेत, आणि २०२१ पासून तिथं या दिवशी सरकारी सुट्टी असते. का, ते मी पुढे सांगते.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. या वर्गाच्या मंडळींनी फोन करून सांगितलं, "ताई, या वेळी पत्रांवर बोला. बाबासाहेबांची पत्रं, सावित्रीमाईंची पत्रं." मी हो म्हणाले. पण तयारी करताना माझ्या हाती दुसरीच पत्रं लागली. एका गोऱ्या वकिलाच्या घरची. तो माणूस गुलामांचा मालक होता आणि गुलामगिरी टिकावी म्हणून लढणाऱ्या फौजेत लढता लढता मेला. तुम्ही म्हणाल, अशा माणसाची पत्रं आपण बुद्धविहारात बसून का वाचायची? कारण त्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र त्याच्या घरचं नाही. ते एका गुलाम बाईचं आहे. आज मला त्या एका पत्राबद्दल बोलायचंय.

आधी गाव समजून घेऊ. अमेरिकेत टेक्सस नावाचं राज्य आहे. त्याच्या पूर्व टोकाला हॅरिसन कौंटी. कौंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, आकाराने लहान. तिचं मुख्य गाव मार्शल. कापसाचा मुलूख. १८६० च्या जनगणनेत या कौंटीत ८,७८४ गुलाम नोंदले गेले. एकूण लोकसंख्येचे सुमारे ५९ टक्के. टेक्ससमधल्या कुठल्याही कौंटीत इतके गुलाम नव्हते. म्हणजे बहुसंख्य माणसं गुलाम, आणि कोर्ट, टपाल, चर्च, जमीन सगळं उरलेल्यांच्या हातात. बहुजन कुणाला म्हणतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या मार्शलमध्ये थिओफिलस पेरी नावाचा तरुण वकील होता. मूळचा नॉर्थ कॅरोलायनाचा. बायको हॅरिएट, तीही तिकडचीच. लग्न १८६० चं. पेरी कुटुंबाचा स्प्रिंग हिल नावाचा मळा होता आणि मळ्यावर गुलाम होते.

आता अशा गावातला वकील दिवसभर काय काम करत असेल? वकील म्हणून मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला. आमच्याकडे काय येतं? खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र, वाटणी, वसुली. तिथंही हेच. फरक एवढाच की त्या कागदांत जमीन, बैल, नांगर यांच्या जोडीला माणसांची नावं असायची. कुणी मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची आणि यादीत प्रत्येक गुलामाच्या नावापुढे किंमत लिहिली जायची. कर्ज फिटलं नाही तर गुलाम जप्त व्हायचा. वाटणीत आई एका भावाकडे आणि लेक दुसऱ्याकडे जायची. त्यात बेकायदेशीर काही नव्हतं, कायदाच तसा होता. गुलाम नवरा-बायकोचं लग्न कायद्याच्या लेखी लग्नच नव्हतं, कारण मालमत्तेला करार करता येत नाही. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस त्या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. मग तो कोर्टात जाणार कुठल्या नात्याने?

म्हणून मी नेहमी सांगते, गुलामगिरी एकट्या चाबकावर चालत नाही. तिला कारकून लागतो, वकील लागतो, शिक्का लागतो. आपल्याकडे शास्त्री लागला, कुलकर्णी लागला.

१८६१ च्या फेब्रुवारीत टेक्ससने अमेरिकेशी नातं तोडलं. का तोडलं, हे त्यांनी जाहीरनाम्यात लपवलं नाही. गोऱ्यांचं वर्चस्व आणि काळ्यांची गुलामी कायम राहावी, हे कारण त्यांनी उघड लिहून ठेवलं. आज कुणी तुम्हाला सांगेल की ते युद्ध राज्यांच्या अधिकारांसाठी होतं, तर त्याला तो जाहीरनामा वाचायला सांगा.

१८६२ मध्ये पेरी वकील फौजेत गेला. २८ वी टेक्सस कॅव्हलरी ही त्याची पलटण. नावाला घोडदळ, पण घोडे लवकरच काढून घेतले आणि सगळे पायी लढले. पुढे तो कॅप्टन झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या सरकारने कायदा केला की ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम असतील तिथं त्यांच्यावर देखरेख करायला एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट. घरी जितके गुलाम जास्त, तितकी युद्धावर जायची सक्ती कमी. गरीब गोरे तेव्हाच कुरकुरायला लागले होते की हे युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं मात्र आम्ही.

पेरी निघाला तेव्हा एकटा गेला नाही. त्याच्याबरोबर नॉर्फ्लिट गेला. नॉर्फ्लिट त्याचा गुलाम. छावणीत मालकाचा स्वयंपाक, कपडे धुणं, सामान उचलणं, आजारपणात उशाशी बसणं, ही त्याची कामं. अशा हजारो गुलामांना मालकांनी युद्धावर नेलं. ते शिपाई नव्हते. त्यांना पगार नव्हता, बंदूक नव्हती, आणि येऊ का नको हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण आज अमेरिकेत काही लोक याच माणसांचे फोटो दाखवून म्हणतात, बघा, काळे लोकसुद्धा दक्षिणेच्या बाजूने लढले. खरी गोष्ट अशी की काळ्यांना शिपाई म्हणून भरती करायचा कायदा दक्षिणेने १८६५ च्या मार्चमध्ये केला, युद्ध संपायला महिना उरला असताना.

नॉर्फ्लिटची बायको फॅनी मागे राहिली. आता दोन बायका झाल्या, दोघींचे नवरे एकाच छावणीत. एक हॅरिएट, वकिलाची बायको. दुसरी फॅनी, वकिलाच्या गुलामाची बायको.

हॅरिएट आणि थिओफिलस यांनी एकमेकांना भरपूर लिहिलं. आजारपणं, महागाई, घरचं काम, गुलामांचं काय चाललंय, एकटेपणा, सगळं त्या पत्रांत आहे. पत्र पाठवणं सोपं नव्हतं. १८६२ च्या जुलैपासून दक्षिणेत साध्या पत्राचा दर १० सेंट झाला. १८६३ च्या ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं, मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि टेक्ससचं टपाल पूर्वेकडच्या राज्यांपासून तुटलं. हॅरिएटचं माहेर नदीच्या त्या बाजूला. तिच्या पत्रांतलं दुःख खोटं नाही आणि मी ते खोटं ठरवायला आलेली नाही. नवरा युद्धावर गेलेल्या बाईचं काळीज कुठंही तसंच हलतं. पण तिच्या दुःखाला कागद होता, शाई होती, लिहिता येणारा हात होता आणि जपून ठेवणारं घर होतं. २००० साली एम. जेन जोहान्सन यांनी या पत्रांचं संपादन केलं आणि अर्कान्सा विद्यापीठाने ते पुस्तक छापलं.

आता फॅनीचं पत्र. तारीख २८ डिसेंबर १८६२. ठिकाण स्प्रिंग हिल. १९८० साली रँडॉल्फ कॅम्पबेल आणि डोनाल्ड पिकन्स या दोन इतिहासकारांनी ते एका नियतकालिकात छापलं तेव्हा जगाला कळलं. म्हणजे ११८ वर्षांनी. हे पत्र नॉर्फ्लिटच्या नातवंडांच्या घरी मिळालं नाही. मालकाच्या सासरच्या कागदपत्रांत ते राहिलं आणि त्या कागदपत्रांबरोबर नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या संग्रहात पोचलं.

पत्रात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगते. ती म्हणते, तुला बघायची फार इच्छा आहे, कसा आहेस ते कळव. मी बरी आहे. मी तुला विसरले नाही आणि तू मला विसरलास तरी मी विसरणार नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री होतं तेवढंच प्रेम आजही आहे. इथं भेट झाली नाही तर स्वर्गात होईल. रात्रंदिवस तुझाच विचार असतो. बरेच दिवस तुझं पत्र नाही. तू आजारी असल्याचं ऐकलं, मग बरा झाल्याचंही ऐकलं. मालकाने नाताळची तीन दिवस सुट्टी दिली, पण तू नव्हतास म्हणून मन रमलं नाही. शुक्रवारी रात्री एके ठिकाणी सगळे साखरेचा पाक करून गोड खायला जमले होते, तू असतास तर मजा आली असती. आई, बाप, आजी, भाऊ, बहिणी सगळे तुझी आठवण काढतात. लवकर उत्तर दे. आणि सगळ्यांत शेवटी, सही झाल्यावर, ती लिहिते की आपल्या प्रेमाचे दोन तुकडे करील अशी सुरी कुठं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून राहिले.

हे पत्र लोक कसं वाचतात? एक वाचन मी ऐकलं आहे. ते म्हणतं, बघा, मालक किती चांगला होता! तीन दिवस सुट्टी दिली, पत्र लिहू दिलं, पोचवलं. सगळेच मालक वाईट नव्हते. हे वाचन आपल्या ओळखीचं आहे. "आमच्या वाड्यावरची माणसं आमच्या घरच्यासारखी होती" असं आपण किती आत्मचरित्रांत वाचलंय! आंब्याच्या दिवसांत आंबे दिले जायचे, सणाला पोळी दिली जायची. कुठून दिली जायची आणि कशात, हे त्या पानावर नसतं.

म्हणून आपण हे पत्र आपल्या डोळ्यांनी वाचू. तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, सुट्टी "दिली". ३६५ दिवसांतले तीन दिवस दिले असं वाक्य ज्या बाईला लिहावं लागतं, तिचे बाकीचे ३६२ कुणाचे होते ते त्याच वाक्यात कळतं.

दुसरी गोष्ट, नाव. आज इतिहासात ती फॅनी पेरी आणि तो नॉर्फ्लिट पेरी. पेरी हे त्यांच्या मालकाचं आडनाव. आपल्या आजे-पणज्यांची नावं गावच्या दप्तरात कुणी, कशी लिहिली, ती जरा काढून बघा. धोंड्या, दगड्या, कचऱ्या. नाव ठेवायचा हक्कसुद्धा लिहिणाऱ्याकडे गेला होता.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. तिने ते स्वतःच्या हाताने लिहिलं असेल किंवा सांगून लिहवून घेतलं असेल, दोन्ही वेळी ते मालकाच्या माणसांच्या हातून गेलं. पत्र मालकाच्या छावणीत, मालकाच्या पत्त्यावर. ही सगळी माणसं मध्ये उभी आहेत हे माहीत असून ती आपल्या नवऱ्याला प्रेमाचं सांगते. लग्नाच्या पहिल्या रात्रीचं सांगते. आणि कुठलं लग्न? जे कायद्यात लग्नच नाही. कायदा म्हणतो हे दोघं मालमत्ता आहेत, आणि ती खाली सही करते, तुझी बायको. मला हे पत्र म्हणूनच प्रेमपत्राएवढंच कोर्टातल्या साक्षीसारखंही वाटतं. त्या दोघांच्या लग्नाचा दाखला ज्या कोर्टाने दिला नाही, त्याच कोर्टात वकिली करणाऱ्याच्या घरच्या कागदांत तो सापडला.

आणि मालकाबद्दल म्हणाल, तर हे पत्र त्याला सोडवत नाही, अधिक अडकवतं. तो म्हणू शकत नाही की मला माहीत नव्हतं ही माणसं आहेत. तो स्वतः रात्री बसून बायकोला लिहीत होता, मला तुझी आठवण येते. त्याच छावणीत त्याचं जेवण रांधणाऱ्या माणसालाही आपल्या बायकोची आठवण येत होती. हे कळत असून तो लढला, कशासाठी? ते कायम राहावं म्हणून.

इथं मी माझ्या घरचं सांगते.

माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये लढाई झाली तेव्हा ते सीमेवर होते. आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात, पदरात चार लेकरं. आजीला लिहिता येत नव्हतं. पत्ता ५६ एपीओ, एवढं तिला पाठ होतं. पत्र लिहून द्यायचे गावातल्या शाळेचे गुरुजी. माणूस वाईट नव्हता. एक पैसा घेत नसे. ते ओसरीवर बसायचे आणि आजी ओसरीखाली अंगणात उभी राहायची. गुरुजी वयाने तिच्याहून लहान, पण विचारायचे, "काय लिहू गं?" आणि ती म्हणायची, "लिवा गुर्जी, समदं बरं हाय."

आजोबा रिटायर होऊन आले तेव्हा त्यांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत तिची सगळी पत्रं होती. निळी आंतरदेशीय. मी कॉलेजात असताना ती वाचली. सगळी एकसारखी. शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व खुशाल, आपली खुशाली कळवावी. गुरुजींचं अक्षर सुरेख होतं. पण त्यात माझी आजी कुठंच नव्हती. मी तिला विचारलं, "आजी, तू असंच सांगायचीस?" ती म्हणाली, "परक्या मानसाम्होरं मनातलं कसं बोलावं बाई? लिवणाऱ्याच्या तोंडाकडं बगून सांगावं लागायचं."

एका पत्रात मात्र घडीच्या आतल्या बाजूला, जिथं डिंक लावतात तिथं, पेन्सिलने वेडीवाकडी दोन शब्दांची ओळ होती. "आई रडती." माझ्या वडिलांनी लिहिलेली. तेव्हा ते तिसरीत होते. गुरुजींनी पत्र लिहून दिल्यावर टपालात टाकायला ते घेऊन गेले आणि वाटेत त्यांनी ती ओळ टाकली.

आमच्या घरातलं, आमच्या माणसाच्या हातचं ते पहिलं पत्र. दोन शब्दांचं. सावित्रीमाईंनी आणि जोतीरावांनी कशासाठी शेण-दगड खाल्ले हे मला सांगायला त्यापेक्षा मोठं पुस्तक लागलं नाही.

म्हणून मी फॅनीपुढे हात जोडते. माझ्या आजीला जे सांगता आलं नाही, ते तिने गुलाम असून सांगून टाकलं.

पुन्हा टेक्ससला जाऊ. फॅनीच्या पत्रानंतर चार दिवसांनी, १ जानेवारी १८६३ ला, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी घोषणा केली की बंड केलेल्या राज्यांतले सगळे गुलाम मुक्त आहेत. टेक्सस त्यात होतं. म्हणजे कागदावर फॅनी मुक्त झाली. पण तो कागद तिच्यापर्यंत पोचवणार कोण? टपाल मालकांचं, वर्तमानपत्र मालकांचं. काही मालक तर उत्तरेच्या फौजेपासून लांब न्यावेत म्हणून इतर राज्यांतून आपले गुलाम हाकत टेक्ससमध्ये आणत होते.

त्या घोषणेने दुसरंही एक दार उघडलं. काळ्या माणसांना उत्तरेच्या फौजेत शिपाई होता येऊ लागलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० काळे सैनिक त्या फौजेत भरती झाले. ७ जून १८६३ ला मिसिसिपीकाठी मिलिकन्स बेंड इथं लढाई झाली. पेरीची पलटण ज्या वॉकर डिव्हिजनमध्ये होती, तिच्याच एका दुसऱ्या ब्रिगेडने तिथं हल्ला चढवला. समोर कोण होतं? नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे शिपाई. बंदुका हाती येऊन थोडेच दिवस झालेले, कवायत अर्धवट. संगिनींनी अंगावर अंग घालून लढाई झाली. काळ्या पलटणींची फार माणसं मेली, पण गनबोटींच्या मदतीने त्यांनी ठाणं सोडलं नाही. हल्लेखोरांना परत फिरावं लागलं. काळे लोक लढू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. लढवय्या कोण आणि कोण नाही हे जन्मावरून ठरवणारे सिद्धान्त आपणही पाहिलेत. १८९० च्या सुमारास इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली ती अशाच सिद्धान्तावर. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं.

पेरी वकील ९ एप्रिल १८६४ ला लुइझियानातल्या प्लेझंट हिलच्या लढाईत जखमी झाला आणि काही दिवसांत मेला. हॅरिएट विधवा झाली.

आणि मग १९ जून १८६५. टेक्ससच्या गॅल्व्हस्टन बंदरात उत्तरेचा जनरल गॉर्डन ग्रेंजर याने हुकूम जाहीर केला की सगळे गुलाम मुक्त आहेत. लिंकनच्या घोषणेला तेव्हा जवळजवळ अडीच वर्षं होऊन गेली होती. त्या अडीच वर्षांत दोन-तीन हंगामांचा कापूस मुक्त माणसांकडून फुकट वेचून घेतला गेला. १९ जून हा सण म्हणून साजरा होतो, पण मला त्यात ही उशिराची हकीकतही ऐकू येते. हक्क मिळणं एक आणि हक्क मिळाल्याची बातमी मिळणं दुसरं. आपल्याकडे संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं. तुमच्या-माझ्या गावच्या विहिरीवर ते कोणत्या साली पोचलं? काही ठिकाणी अजून वाटेतच आहे.

मुक्त झाल्यावर त्या माणसांनी पहिलं काय केलं? आपली माणसं शोधली. काळ्यांच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं जाहिराती येत राहिल्या. माझी आई अमुक मालकाकडे होती, तिला तमुक साली विकलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. चर्चमध्ये त्या जाहिराती वाचून दाखवल्या जायच्या. एखाद्या समाजाचं पहिलं सार्वजनिक लेखन म्हणजे हरवलेल्या आईचा शोध!

दुसरं काम त्यांनी केलं ते शाळांचं. १८७३ साली याच मार्शल गावात वायली कॉलेज सुरू झालं, मुक्त झालेल्या काळ्यांसाठी. १८७३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी कष्ट सोसले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. मार्शल आणि पुणे एकमेकांना ओळखत नव्हते. पण जोतीरावांना हे नातं दिसलं होतं.

त्या वायली कॉलेजचं पुढे काय झालं बघा. जेम्स फार्मर याच मार्शलमध्ये १९२० साली जन्मला, याच कॉलेजात शिकला, आणि पुढे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध १९६१ च्या फ्रीडम राइड्सचा एक नेता झाला. याच कॉलेजचा आणखी एक पदवीधर हेमन स्वेट. त्याला वकील व्हायचं होतं. १९४६ साली त्याने टेक्सस विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. काळा म्हणून नाकारला. तो कोर्टात गेला. राज्याने त्याच्यासाठी वेगळं लॉ स्कूल काढून दिलं, तो म्हणाला मला वेगळं नको. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्याला त्याच विद्यापीठात प्रवेश द्यावा लागेल. ज्या गावच्या वकिलाने फॅनी-नॉर्फ्लिटला आपल्या मालमत्तेत धरलं, त्या गावात शिकलेल्या काळ्या पोराने वकिलीचं दार तोडलं.

एक सावधगिरीही सांगते. गुलामगिरी आणि अस्पृश्यता एकच, असं झटकन म्हणू नका. बाबासाहेबांनी ही तुलना फार बारकाईने केली आहे. गुलाम ही मालकाची संपत्ती होती म्हणून निदान ती जगवण्यात मालकाचा स्वार्थ होता, अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याशी कुणाचाच स्वार्थ बांधलेला नव्हता, हे त्यांनी दाखवलं. तरी नातं आहे, आणि ते त्यांनीही जोडलं. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं आणि ड्यू बॉईस यांनी उत्तर दिलं. तेही एक पत्रच.

आता शेवटचं, आणि हे काम म्हणून सांगते. फॅनीचं पत्र टिकलं ते मालकाची पेटी टिकली म्हणून. म्हणजे आपला इतिहास टिकावा म्हणून त्यांच्या पेटीवर अवलंबून राहायचं का? तुमचे वडील, आजोबा कुठून कुठून इथं भिलाईला आले. त्यांनी गावी पत्रं धाडली, मनिऑर्डरी धाडल्या. मनिऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायची जागा असायची, त्या दोन ओळींत किती संसार चालले! ते कागद कुठं आहेत?

घरी जा, ट्रंका उघडा. पाकीट फेकू नका, शिक्क्यावर तारीख असते. लॅमिनेशन करू नका, कागद मरतो. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. मागे पेन्सिलने लिहून ठेवा, कुणी कुणाला लिहिलं, आणि लिहून कुणी दिलं. हे तिसरं नाव विसरू नका, त्यात अख्खं गाव दिसतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना आज विचारा, तेव्हा काय सांगायचं राहून गेलं? घरातलं खाजगी असेल तर घरातल्यांना विचारल्याशिवाय बाहेर देऊ नका. पण जाळू नका, रद्दीत घालू नका.

माझी आजी गेली त्याला नऊ वर्षं झाली. जायच्या आधी मी तिला विचारलं होतं, तुला तेव्हा खरं काय लिहायचं होतं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिवायचं व्हतं, लवकर या. येवढंच." चार पोरांची आई, नवरा लढाईवर, आणि एवढंच तिला गुरुजींना सांगता आलं नव्हतं. ते मी आता त्या पत्रांच्या गठ्ठ्याला जोडून ठेवलंय, तिच्या नावाने, तारीख टाकून.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!